मिटलेल्या वहीचा अभ्यास

मुलांच्या वह्या पाहायला मला आवडतं. तास संपल्यावर कुणीतरी शंका घेऊन टेबलापाशी येतं, वही उघडून समोर धरतं, आणि शंका ऐकायच्या आधीच माझं लक्ष त्या पानाकडे जातं. मी भौतिकशास्त्र शिकवते. तासाला मी काय बोलले ते मला ठाऊक असतं, पण त्यातलं समोरच्यापर्यंत काय पोचलं ते त्या पानावरच कळतं. काही पानं फार देखणी असतात. दोन रंगांची शाई, पट्टीने आखलेल्या रेघा, प्रत्येक मथळ्याखाली दुहेरी अधोरेखन. काही पानांवर अर्धवट वाक्यं, इकडून तिकडे धावणारे बाण आणि मधूनच एखादं मोठं प्रश्नचिन्ह. यातल्या कुणाला विषय कळला आहे, हे पानाच्या रूपावरून मला कधीच ओळखता आलेलं नाही. त्यासाठी मी एवढंच म्हणते, "वही मीट आणि आज काय झालं ते तुझ्या शब्दांत सांग."

वर्गात घेतलेल्या नोट्सचा उपयोग वही मिटल्यावर सुरू होतो, असं माझं आता पक्कं मत झालं आहे. हे एकदा पटलं, की वही उघडी असताना तिच्यात काय लिहायचं याचा विचारही बदलतो.

आधी वेगाचं बघू. वर्गात शिकवणारा माणूस मिनिटाला साधारण १२० ते १५० शब्द बोलतो. हाताने लिहिणाऱ्याचा वेग मिनिटाला २० ते २५ शब्दांच्या आसपास असतो. म्हणजे बोललेल्या पाच-सहा शब्दांपैकी जेमतेम एक कागदावर येणार. सगळं उतरवून घेण्याची धडपड सुरू होण्याआधीच हरलेली असते. निवड करावीच लागते. अडचण अशी की बहुतेक मुलं ही निवड न ठरवताच करतात. फळ्यावर जे लिहिलं जातं ते वहीत येतं, आणि जे फक्त बोललं जातं ते हवेत विरून जातं. फळ्यावरचं अक्षर एका जागी थांबतं, त्याच्याकडे मान वर करून पुन्हा पाहता येतं, म्हणून ते महत्त्वाचं वाटतं. नोट्स या विषयावर अनेक वर्षं संशोधन केलेले केनेथ कीव्रा यांनी दाखवलं आहे, की व्याख्यानातल्या महत्त्वाच्या मुद्द्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश मुद्दे विद्यार्थ्यांच्या वहीत पोचतात. उरलेले दोन तृतीयांश कुठे जातात, ते मी माझ्याच तासाच्या उदाहरणाने सांगते.

पाणी उकळण्याचा धडा घ्या. फळ्यावर मी लिहिते: सामान्य वातावरणीय दाबाला पाण्याचा उत्कलनबिंदू १०० अंश सेल्सिअस, आणि बाष्पनाचा विशिष्ट अप्रकट उष्मा सुमारे २,२६० किलोज्यूल प्रति किलोग्रॅम. तोंडाने मी बरंच काही बोलत असते. ज्योत चालूच आहे, पाण्याला उष्णता मिळतेच आहे, तरी तापमापी १०० च्या पुढे सरकत नाही. मग ती उष्णता गेली कुठे? पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात. ती पकड सोडवून त्यांना मोकळं करण्यात सगळी उष्णता खर्ची पडते, रेणूंचा वेग वाढवायला काही उरत नाही, आणि तापमान म्हणजे या रेणूंच्या हालचालीचंच माप. हीच उष्णता वाफेबरोबर जाते आणि वाफेचं पुन्हा पाणी होताना बाहेर पडते. म्हणून १०० अंशांच्या पाण्यापेक्षा १०० अंशांच्या वाफेने जास्त भाजतं.

तासानंतर वह्या पाहिल्या तर २,२६० हा आकडा जवळपास प्रत्येक वहीत असतो, कधी चौकटीतही असतो. "उष्णता गेली कुठे?" हा प्रश्न क्वचितच कुणी लिहिलेला असतो. आकडा पाठ्यपुस्तकात आहे, कोष्टकात आहे, फोनवर दोन सेकंदांत सापडतो. त्याच्यामागचं कारण त्या तासाला, त्या क्रमाने, त्या उदाहरणासह एकदाच सांगितलं गेलं.

म्हणून मुलांना मी पहिली गोष्ट सांगते ती ही, की पुस्तकात जे तयार मिळतं त्यावर हात झिजवू नका. व्याख्या, सूत्र, तक्ता असेल तर पान क्रमांक टिपा आणि पुढे ऐका. लेखणी राखून ठेवा ती 'का'साठी. बोलणाऱ्याच्या वाक्यांत 'पण', 'म्हणून', 'तरीसुद्धा', 'याच्या उलट', 'इथे बरेच जण चुकतात' असे शब्द आले की कान टवकारा, कारण विचार तिथे वळण घेत असतो. शिकवणारा तेच वाक्य दुसऱ्यांदा म्हणतो, एकाएकी सावकाश बोलू लागतो, आधी काढलेली आकृती पुन्हा काढतो, तेव्हा तो महत्त्वाचं काही सांगतो आहे. हे फक्त विज्ञानात होतं असं नाही. इतिहासाच्या तासाला सनावळ्या वहीत येतात आणि एका घटनेतून दुसरी कशी घडली हा धागा सुटतो. गणितात सिद्धता शेवटच्या ओळीपर्यंत अचूक उतरवलेली असते, पण दोनचं वर्गमूळ अपरिमेय का, हे सिद्ध करताना 'अंश आणि छेद यांना सामाईक अवयव नाही' असं सुरुवातीला जे धरलं होतं, तेच शेवटी मोडतं आणि तिथेच सिद्धता पूर्ण होते, ही तोंडी सांगितलेली खूण वहीत नसते. मग परीक्षेच्या आधी ती सिद्धता ओळीने पाठ करावी लागते. पाठ केलेल्या सिद्धतेतली एक ओळ विसरली की पुढचं सगळंच अडतं.

आणि जे समजलं नाही ते? ते तर बहुतेक वह्यांत नसतंच. समजलं तेवढं मुलं लिहितात, न समजलेलं गाळतात, आणि घरी गेल्यावर पान असं सलग दिसतं की त्यात कुठे खड्डा होता हे त्यांनाही आठवत नाही. खरं तर न समजलेली जागा पानावर सगळ्यात ठळक दिसायला हवी. चार ओळी कोऱ्या सोडायच्या, मोठं प्रश्नचिन्ह काढायचं आणि शिकवणाऱ्याबरोबर पुढे जायचं. सुटलेल्या वाक्याचा पाठलाग करत बसलं की त्याच्या पुढची तीन वाक्यंही जातात. पानावर मोकळी जागा सोडायला मुलं का कचरतात, मला कळत नाही. कागद वाचवायचा असेल तर तो इतर कुठेही वाचवावा, इथे नको.

लॅपटॉपचा प्रश्न आता प्रत्येक वर्गात आहे. पॅम म्यूलर आणि डॅनियल ओपनहायमर यांनी २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला आणि तो फार गाजला. लॅपटॉपवर नोट्स घेणारे विद्यार्थी जास्त शब्द टिपत होते, पण त्यातले कितीतरी शब्द जसेच्या तसे उतरवलेले होते, आणि संकल्पना तपासणाऱ्या प्रश्नांत ते हाताने लिहिणाऱ्यांच्या मागे पडले. शब्दशः लिहू नका, असं आधी सांगूनही त्यांची सवय सुटली नाही. पुढे २०२१ साली दुसऱ्या गटाने तोच प्रयोग पुन्हा केला. लॅपटॉपवर जास्त आणि शब्दशः लिहिलं जातं हे त्यांनाही दिसलं, पण परीक्षेतल्या गुणांतला फरक मात्र तसा दिसला नाही. त्यामुळे कीबोर्ड वाईट आणि पेन चांगलं, असा निकाल मी देणार नाही. मला त्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं, की वेगाने टंकता येणारे हात मेंदूला वळसा घालून जाऊ शकतात, ऐकलेलं वाक्य बोटांतून थेट पडद्यावर. पेन संथ असल्यामुळे निवड करायला भाग पाडतं. जो लॅपटॉपवरही थांबून, वाक्य आपल्या शब्दांत फिरवून लिहितो, त्याचं काही अडत नाही. आकृत्या आणि समीकरणं असलेल्या विषयांत मात्र मी कागदच सुचवते, कारण बाण काढायला कागदाइतकं सोयीचं काही नाही.

फळ्याचा फोटो काढण्याबद्दल मी याहून कठोर आहे. २०१४ सालीच लिंडा हेंकेल यांनी एका संग्रहालयात प्रयोग केला होता. लोकांना काही वस्तू नुसत्या पाहायला सांगितल्या आणि काहींचे फोटो काढायला. ज्या वस्तूंचा पूर्ण फोटो काढला त्या लोकांना कमी आठवल्या. फोटो काढला की आपण ती गोष्ट फोनच्या हवाली करून मोकळे होतो. गुंतागुंतीची आकृती असेल तर फोटो जरूर काढावा, पण त्याआधी ती आकृती स्वतःच्या हाताने, वेडीवाकडी का होईना, एकदा काढावी.

आता वही घरी आली. इथून पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली विस्मरणावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. प्रयोग करणारा तोच आणि ज्याच्यावर प्रयोग होतो तोही तोच. अर्थ नसलेल्या अक्षरगटांच्या याद्या त्याने पाठ केल्या आणि ठरावीक काळानंतर त्याच याद्या पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते मोजलं. साधारण २० मिनिटांनी ५८ टक्के श्रम वाचत होते, तासाभराने ४४ टक्के, एका दिवसाने ३४ टक्के आणि महिन्याने २१ टक्के. या आकड्यांचा लोक फार सैल अर्थ लावतात. 'एका दिवसात आपण दोन तृतीयांश विसरतो' असं ते आकडे म्हणत नाहीत. ते पुन्हा शिकताना वाचलेल्या श्रमांचे आहेत, आणि तेही निरर्थक अक्षरांचे. अर्थ असलेला धडा इतक्या झपाट्याने पुसला जात नाही. पण त्या आलेखाचा आकार खरा आहे. घसरण सुरुवातीलाच सर्वांत जोराची असते, नंतर ती मंदावते. म्हणून त्याच दिवशी संध्याकाळी वहीला दिलेली दहा-पंधरा मिनिटं परीक्षेच्या आदल्या आठवड्यातल्या दोन तासांपेक्षा जास्त देऊन जातात. अर्धी वाक्यं त्या संध्याकाळी पूर्ण करता येतात, कारण वाक्याचा उरलेला अर्धा भाग अजून डोक्यात असतो. आठवड्याने तीच वाक्यं परक्याने लिहिल्यासारखी वाटतात.

या संध्याकाळच्या कामाचं माझं आवडतं उदाहरण मायकेल फॅरडेचं आहे. मी ते दर वर्षी सांगते आणि दर वर्षी सांगताना मलाच उभारी येते. फॅरडे तेव्हा लंडनमध्ये एका पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे उमेदवारी करत होता. शालेय शिक्षण नावापुरतं. १८१२ साली दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशन या तिथल्या विज्ञानसंस्थेतल्या, रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. अशी चार व्याख्यानं त्याला ऐकायला मिळाली. व्याख्यान चालू असताना तो भराभर टिपायचा ते ठळक शब्द, प्रयोगांची नावं, पदार्थांची नावं, एखादं छोटं पण महत्त्वाचं वाक्य. घरी आल्यावर त्या तुटक शब्दांवरून तो सगळं व्याख्यान नव्याने, विस्ताराने मांडायचा. उपकरणांच्या आकृत्या काढायचा. शेवटी ही सगळी पानं त्याने स्वतःच्या हाताने बांधली. सुमारे तीनशे पानांचं ते पुस्तक त्याने त्याच वर्षाच्या अखेरीस डेव्हीकडे पाठवलं आणि आपल्याला विज्ञानात काम करायचं आहे असं कळवलं. १८१३ च्या मार्चमध्ये तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये साहाय्यक म्हणून रुजू झाला. विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावणारा फॅरडे प्रयोगशाळेत शिरला तो या वहीच्या बळावर.

मुलांना यातलं तीनशे पानांचं पुस्तक आवडतं, नोकरी मिळाल्याचं आवडतं. मी त्यांना मधली पायरी दाखवते. व्याख्यानात तुटक शब्द आणि घरी पूर्ण मजकूर, म्हणजे मधला सगळा मजकूर त्याला आठवून, जोडून, स्वतः रचावा लागला असणार. व्याख्यान त्याने घरी एकदा स्वतःच दिलं. आपल्याकडे कच्च्या वहीतून पक्क्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवण्याची जी पद्धत आहे, ती दिसायला अशीच आहे पण आतून वेगळी. तिथे डोळे कच्च्या वहीवर असतात, हात पक्क्या वहीवर, आणि मन कुठेही असू शकतं. इतका वेळ खाऊन इतकं कमी देणारं दुसरं काम अभ्यासात क्वचितच सापडेल. पक्की वही करायचीच असेल तर कच्ची वही बंद करून करावी. जे आठवणार नाही, तेवढ्यापुरतीच ती उघडावी.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांचा २००६ सालचा प्रयोग नेमका याच मुद्द्यावर आहे. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार सत्रांत पुनःपुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला, आणि पुढची तीन सत्रं उतारा न पाहता जेवढं आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१. आपल्याला आठवड्याने किती आठवेल असं विचारलं तेव्हा जास्त खात्री होती ती पुनःपुन्हा वाचणाऱ्यांना.

ही शेवटची गोष्ट मला अस्वस्थ करते. चारदा वाचलेलं पान ओळखीचं होतं. पुढचं वाक्य काय येणार ते आधीच माहीत असतं, कुठे अडखळायला होत नाही, आणि हे सुरळीतपण म्हणजेच 'येतंय' असं मन समजून बसतं. ओळखीचा चेहरा समोर आल्यावर ओळखणं सोपं असतं, पण डोळे मिटून त्या चेहऱ्याचं वर्णन करायला सांगितलं तर भलेभले थांबतात. परीक्षेत पान समोर नसतं, चेहरा आठवूनच काढायचा असतो. रंगीत मार्करने ओळी रंगवण्यानेही असंच फसायला होतं. जॉन डनलोस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा पद्धतींची उपलब्ध संशोधनाच्या आधारे छाननी केली. ओळी रंगवणं, पुन्हा वाचणं, सारांश लिहिणं या पद्धतींचा उपयोग त्यांना कमी दिसला. सर्वांत वर आल्या त्या दोन: स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांच्या अंतराने विभागून करणं.

तरीही मुलं पुन्हा वाचतातच. मला वाटतं, याचं कारण आळस हे नाही. वही बंद करून आठवायला बसलं की पहिल्या दोन मिनिटांत आपल्याला किती कमी येतं ते उघडं पडतं. ते सोसायला धीर लागतो. वाचत राहिलं तर तो क्षण परीक्षेपर्यंत पुढे ढकलता येतो. म्हणून या पहिल्या दोन मिनिटांबद्दल मी मुलांना आधीच सांगून ठेवते. काहीच आठवत नाहीये असं वाटेल. उठू नका. पहिला शब्द आला की त्याला धरून दुसरा येतो. आणि जे शेवटपर्यंत येत नाही, ते वही उघडून पाहिलं की असं काही बसतं, की नुसत्या वाचण्याने बसलं नसतं.

हे करायला सोपं जावं अशी पानाची एक रचना वॉल्टर पॉक यांनी सुचवली होती. कॉर्नेल विद्यापीठात ते विद्यार्थ्यांना अभ्यास कसा करावा हे शिकवत. १९५० च्या दशकात त्यांनी घडवलेली ही पद्धत त्या विद्यापीठाच्याच नावाने ओळखली जाते. पानाच्या डाव्या बाजूला सुमारे अडीच इंचांचा समास सोडायचा, उजवीकडचा सुमारे सहा इंचांचा भाग तासाच्या नोंदींसाठी, आणि तळाला दोनेक इंचांची पट्टी, त्या पानाचं सार दोन-तीन वाक्यांत लिहायला. तास चालू असताना फक्त उजवीकडे लिहायचं. डावा समास तास संपल्यावर, शक्यतो त्याच दिवशी भरायचा, आणि त्यात लिहायचे ते प्रश्न किंवा आठवण करून देणारे शब्द. मग अभ्यासाला बसताना उजवी बाजू कागदाने झाकायची, समासातला प्रश्न वाचायचा आणि उत्तर मोठ्याने द्यायचं.

ही रचना आता छापील वह्यांत तयार मिळते, ॲपमध्ये मिळते, आणि रेघा आखणं हीच पद्धत आहे असा समज पसरला आहे. मी पाहते त्या वह्यांत रेघा नीट असतात, उजवी बाजू गच्च भरलेली असते, तळाला कधीमधी एखादं वाक्य असतं, आणि डावा समास कोरा. समास कोरा असेल तर बाकीची आखणी शोभेची आहे.

समासातला प्रश्न कसा असावा? पाण्याच्याच धड्याचं घेते. 'बाष्पनाचा अप्रकट उष्मा म्हणजे काय?' हा प्रश्न ठीक आहे, पण तो व्याख्या मागतो आणि व्याख्या घोकून देता येते. 'ज्योत चालू असूनही तापमापी का थांबली?' हा प्रश्न चांगला. 'त्याच तापमानाच्या वाफेने जास्त का भाजतं?' हा त्याहून चांगला, कारण उत्तर देताना सगळी साखळी उलट दिशेने चालावी लागते. मी मुलांना एक कसोटी देते. ज्या प्रश्नाचं उत्तर 'कारण' या शब्दाने सुरू होतं, तो प्रश्न ठेवा. सोडवलेल्या उदाहरणांसाठी वेगळं करावं लागतं. तिथे उदाहरण डावीकडे लिहायचं, सोडवणूक उजवीकडे झाकायची, आणि पहिली पायरी कोणती व तीच का, एवढं सांगून मग पुढे जायचं. सोडवलेलं गणित वाचून गणित येत नाही, हे प्रत्येक शिक्षक सांगतो. झाकलेलं गणित त्यावरचा उपाय आहे.

झाकून उत्तर देताना मी दुसऱ्या रंगाचं पेन हातात ठेवायला सांगते, आणि रंगाचा उपयोग मला इथेच पटतो. आठवून लिहिलेलं निळ्यात, वही उघडून भरलेलं लाल किंवा हिरव्यात. आठवड्याने तेच पुन्हा केलं की दोन कागद शेजारी ठेवून पाहता येतं, की लाल कुठे कमी झालं आणि कुठे तसंच राहिलं. पुढच्या वेळी जिथे लाल तसंच आहे तिथूनच सुरुवात करायची. एका बैठकीत दहा वेळा केलेल्या उजळणीपेक्षा दोन दिवसांनी, मग आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी केलेली छोटी उजळणी चांगली, कारण मधल्या काळात थोडं विसरलेलं असतं आणि ते ओढून काढावं लागतं.

दुसऱ्याच्या नोट्सचं काय? हुशार मुलाची वही परीक्षेच्या तोंडावर झेरॉक्सच्या दुकानातून फिरते, हे नवं नाही. फ्रान्सिस डी व्हेस्टा आणि सुझन ग्रे यांनी १९७२ साली नोट्सची दोन कामं वेगळी करून मांडली: लिहिताना होणारी मेंदूची क्रिया, आणि नंतर पाहायला उरणारा साठा. झेरॉक्स घेणाऱ्याला फक्त साठा मिळतो. पण इथे मला एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. काही मुलांना ऐकणं आणि लिहिणं एकाच वेळी जमतच नाही. कुणाला ऐकायला कमी येतं आणि ओठांकडे पाहावं लागतं, कुणाला अक्षरं जुळवायला इतर मुलांच्या दुप्पट वेळ लागतो, कुणाचा हात दुखतो. त्यांना 'स्वतःच लिहा' असं सांगणं अन्यायाचं आहे. त्यांनी पूर्ण तास ऐकावं, मित्राची वही घ्यावी आणि डाव्या समासातले प्रश्न मात्र स्वतः लिहावेत. साठा उसना चालतो, प्रश्न आपले लागतात.

आणि कुणाचीच वही पूर्ण नसते. फेर्दिनां द सोस्यूर यांनी जिनीव्हात १९०७ ते १९११ या काळात सामान्य भाषाविज्ञानावर तीन अभ्यासक्रम शिकवले. त्यांचं पुस्तक त्यांनी लिहिलं नाही, आणि १९१३ साली ते गेले. शार्ल बाली आणि आल्बेर सेशए या दोन सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या वह्या जमवल्या, एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि १९१६ साली त्यांवरून पुस्तक सिद्ध केलं. हे दोघे स्वतः त्या तासांना बसलेले नव्हते. विसाव्या शतकातल्या भाषाविचाराला ज्या पुस्तकाने वळण दिलं, ते असं वर्गातल्या नोट्समधून उभं राहिलं. पुढे रुडॉल्फ एंगलर यांनी १९६० च्या दशकात पुस्तकाचा मजकूर आणि वेगवेगळ्या विद्यार्थ्यांच्या नोंदी शेजारी-शेजारी छापल्या. एकच तास, एकच शिक्षक, आणि प्रत्येकाने वेगळं टिपलेलं. एकाच्या वहीत जे सुटलं ते दुसऱ्याच्या वहीत सापडत होतं.

म्हणून वह्या ताडून पाहण्याचं काम मी तासातच आणलं आहे. ही कल्पना माझी नाही. कॅथी रूल आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात व्याख्यानात तीनदा दोन-दोन मिनिटं थांबून विद्यार्थ्यांना जोडीने नोट्सवर बोलू दिलं होतं, आणि त्या विद्यार्थ्यांना ताबडतोबही जास्त आठवलं आणि १२ दिवसांनीही. माझ्या तासातली सहा मिनिटं यात जातात. अभ्यासक्रम संपवायची घाई असताना ती जड वाटतात, तरी मी ती सोडत नाही. पहिल्या दोन थांब्यांत मुलं एकमेकांच्या वह्यांतले खड्डे भरतात. बऱ्याचदा वादही होतो, मी नक्की काय म्हणाले यावर, आणि मग तो वाद माझ्यापर्यंत येतो. तिसऱ्या थांब्यात प्रत्येकाने डाव्या समासात एक प्रश्न लिहायचा, आठवड्याने स्वतःलाच विचारायचा. त्यातले चांगले प्रश्न मी चाचणीत घेते आणि कुणाचे घेतले ते वर्गात नाव घेऊन सांगते. समास भरायला मुलांना आता आठवण करून द्यावी लागत नाही.